ईएफ ५८ म्हणजे ४२ टक्के हार्ट बंद नाही, पण तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधली दुसरी एक ओळ नीट वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६४ वर्षांचे, हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी फिटनेससाठी टूडी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी करायला सांगितली आणि रिपोर्टवर आलं की ईएफ ५८ टक्के, माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर, नो आरडब्ल्यूएमए. घरात कुणीतरी हिशोब मांडला की शंभरातले ५८ चालू म्हणजे ४२ टक्के बंद. तेव्हापासून बाबांनी जिना चढणं सोडलं, सकाळचं फिरणं सोडलं, आणि तुम्ही विचारताय की ते ४२ टक्के परत चालू होईल असं काही औषध आहे का. अगदी शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की बीपी १५ वर्षांपासून आहे आणि गोळी बरं वाटलं की सोडून देतात.

मी २२ वर्षं इको करतोय, आणि खरं सांगतो, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या वाक्याची वाटली. घाबरण्यासारखं जे नाही त्याला तुम्ही सगळे घाबरलात आणि ज्या ओळीकडे बघायला पाहिजे ती कुणी वाचलीच नाही. आता मी बाबांना समोर तपासलेलं नाही, त्यांना चालताना छातीत दाबल्यासारखं होतं का, शुगर किती, तंबाखू आहे का, घरात कुणाला कमी वयात अटॅक आलाय का, हे मला माहीत नाही, त्यामुळे ऑपरेशनला फिट आहेत की नाही हे मी इथून सांगणार नाही, ते त्यांचे फिजिशियन आणि भूल देणारे डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्ट कसा वाचायचा एवढं मात्र सांगतो, त्यासाठी हार्ट आतून कसं आहे ते थोडं बघावं लागेल.

आधी ते ५८.

हार्टला चार कप्पे, दोन वर दोन खाली. अंगभर फिरून ऑक्सिजन संपलेलं रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खाली उजव्या मोठ्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांत ऑक्सिजन घेऊन डाव्या वरच्या कप्प्यात, मग खाली डाव्या मोठ्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीत म्हणजे पुन्हा अंगभर. हा जो डावा खालचा कप्पा, शाळेत ज्याला डावं निलय किंवा डावी जवनिका शिकवतात, त्याला आम्ही एलव्ही म्हणतो. ईएफ हा फक्त त्या एका कप्प्याचा आकडा आहे. इको करताना आम्ही स्क्रीनवर तो कप्पा पूर्ण भरलेला असताना त्याची आतली कड काढतो, मग पूर्ण आकसलेला असताना परत काढतो, आणि मशीन दोन्हींवरून किती मिली रक्त मावतं ते काढून देतं. समजा भरलेला असताना ११० मिली होतं आणि आकसल्यावर ४६ मिली उरलं. म्हणजे ६४ मिली बाहेर गेलं. ११० मधले ६४ म्हणजे ५८ टक्के. संपला हिशोब. दर ठोक्याला भरलेल्या रक्तातला किती भाग बाहेर पडला एवढंच तो आकडा सांगतो, स्नायूचा किती भाग जिवंत आहे हे त्यात कुठेच नाही.

मग उरलेलं ४६ मिली आत का राहतं? कारण हार्ट पूर्ण रिकामं होतच नाही, माझं होत नाही, तुमचं होत नाही, मॅरेथॉन पळणाऱ्याचंही होत नाही. स्नायूचा एकेक धागा आकसताना स्वतःच्या लांबीच्या साधारण १५ टक्केच आखडतो. तेवढ्यावर निम्म्याहून जास्त रक्त बाहेर जातं याचं कारण ते धागे सरळ उभे नसतात, तिरके गुंडाळलेले असतात, आतले एका बाजूला आणि बाहेरचे दुसऱ्या, त्यामुळे एलव्ही नुसता दाबला जात नाही तर ओलं धोतर पिळावं तसा पिळला जातो. इतकी वर्षं झाली तरी चांगल्या हार्टचं ते पिळणं स्क्रीनवर दिसलं की मी क्षणभर बघत राहतो. आणि उरलेलं रक्त वाया नसतं, ती शिल्लक असते. तुम्ही बस पकडायला पळालात की हार्ट जोरात पिळतं, त्या शिलकीतलं अजून थोडं बाहेर काढतं आणि ठोकेही वाढवतं. बसल्या जागी ६४ मिली गुणिले मिनिटाला ७२ ठोके म्हणजे साडेचार लिटरच्या वर रक्त दर मिनिटाला फिरतं, आणि धडधाकट तरुण माणूस जोरात पळताना तेच चौपट होऊ शकतं.

म्हणून नॉर्मल ईएफ पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ धरतात. १०० कुणाचाच नसतो. ४० किंवा खाली गेला की आम्ही पंपिंग कमी झालंय म्हणतो आणि औषधं जोरात सुरू करतो, ४१ ते ४९ मधली पायरी. बाबांचे ५८ नॉर्मल आहेत, अगदी नॉर्मल. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही काही नाही, कधी ८० येतो तेव्हा मी उलट थांबून बघतो, की कप्पा लहान झालाय का, भिंत फार जाड आहे का, माणसाच्या अंगात पाणी कमी आहे का.

अजून एक, हा आकडा वजनकाट्यासारखा नसतो. इको म्हणजे फोटो नाही, आवाजाचा प्रतिध्वनी आहे. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला इंगे एडलर नावाचे डॉक्टर आणि हेलमुथ हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हे पहिल्यांदा हार्टवर करून बघितलं, आणि मशीन आणलं होतं जहाज बांधायच्या कारखान्यातून, तिथे ते धातूच्या आत भेगा आहेत का ते तपासायला वापरायचे. आजचं मशीन कितीतरी पुढे गेलंय पण तत्त्व तेच, आवाज आत पाठवायचा आणि परत येणारा ऐकायचा. मध्ये फुगलेलं फुप्फुस आलं, चरबी आली, दोन बरगड्यांच्या फटीतून नीट कोन मिळाला नाही की कड पुसट दिसते आणि माप हलतं. त्यामुळे एकाच माणसाचा ईएफ सोमवारी ६० आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या डॉक्टरकडे ५५ आला तर पाच टक्के हार्ट गेलं असं काही नसतं. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, त्यांनी असल्याच फरकावरून वर्षभर फिरणं बंद केलं होतं. त्या वर्षात वजन वाढलं आणि शुगर हाताबाहेर गेली. हार्ट पहिल्या दिवशीही ठीक होतं. तेव्हापासून रिपोर्ट हातात द्यायच्या आधी मी पेशंटला समोर बसवून दोन मिनिटं बोलतोच, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

आता ती ओळ, जी तुम्ही वाचायला पाहिजे होती. माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, म्हणजे एलव्हीची भिंत सगळीकडून सारखी, थोडी जाड झालीये.

उजवा खालचा कप्पा रक्त शेजारच्याच फुप्फुसांत टाकतो, तिथे विरोध कमी, म्हणून त्याला २५ च्या आसपास प्रेशर पुरतं आणि त्याची भिंत तीन-चार मिलिमीटरचीच असते. डावा कप्पा तेवढंच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलतो, त्याला १२० चं प्रेशर तयार करावं लागतं. जसं तळमजल्यावरच्या टाकीत पाणी सोडायला छोटी मोटर चालते पण गच्चीवरच्या टाकीला मोठी लागते. म्हणून एलव्हीची भिंत मुळातच जाड, पुरुषांत १० मिलिमीटरपर्यंत. तुमच्या बाबांची तुम्ही लिहिल्याप्रमाणे १२ आहे. आता बीपी १६०-१७० राहिलं तर प्रत्येक ठोक्याला एलव्हीला तेवढ्या दाबाविरुद्ध झडप उघडावी लागते. दिवसाला एक लाख ठोके धरा, १५ वर्षांत ते ५० कोटींच्या वर जातात. तालमीत रोज जोर मारले की दंड भरतात ना, तसाच हा स्नायू भरतो. फरक एवढाच की पैलवानाच्या दंडाला रात्री विश्रांती मिळते, याला नाही. आणि स्नायू जाड होताना त्यात हळूहळू तंतूंचं जाळंही वाढतं, तो कडक होतो.

भिंत जाड व्हायची दुसरीही कारणं असतात, एओर्टिक झडप अरुंद होणं, काही घराण्यांत जन्मजात जाड स्नायू, किडनीचे आजार. पण तुमच्या रिपोर्टमध्ये एओर्टिक झडप नॉर्मल लिहिलीये आणि १५ वर्षांचं अर्धवट सांभाळलेलं बीपी आहे, त्यामुळे मला बीपीच वाटतं. गोळी सोडल्यावर बाबांना "काही होत नाही" असं वाटतं, कारण वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही. पण त्या प्रत्येक सुट्टीची नोंद हार्टच्या भिंतीवर झालेली आहे आणि ती १२ मिलिमीटर म्हणून तुमच्या हातात आलीये.

याच्याच पोटात दुसरी ओळ येते, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन. नाव फार भीतीदायक आहे, हे वाचून रात्रभर न झोपलेले लोक माझ्याकडे सकाळी आलेत. पंपाचं काम म्हटलं की आपल्याला फक्त दाबणं आठवतं. पण लोहाराचा भाता बघा, दाबायच्या आधी तो उघडून हवेने भरावा लागतो, आणि चामडं कडक झालं की दाबताना दाबला जातो पण उघडायला वेळ लागतो. हार्टचंही तेच. सैल पडणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे, सैल पडायलाही स्नायूला शक्ती खर्चावी लागते. तरुणपणी एलव्ही पटकन सैल पडतो आणि वरच्या कप्प्यातलं बहुतेक रक्त सुरुवातीलाच धाडकन खाली येतं, शेवटी वरचा कप्पा आकसून उरलेलं ढकलतो. वय वाढलं, बीपी राहिलं की सैल पडणं मंदावतं, सुरुवातीची लाट लहान होते आणि शेवटच्या ढकलण्यावर जास्त भार येतो. इकोमध्ये आम्हाला या दोन लाटा दिसतात, पहिलीपेक्षा दुसरी मोठी झाली की साधारण ग्रेड वन लिहिलं जातं. साठीच्या पुढे हे इतक्या लोकांत दिसतं की बऱ्याच वेळा तो वयाचाच भाग असतो. एकट्या ग्रेड वनला मी औषध देत नाही.

पण जाड भिंत आणि ग्रेड वन एकत्र आले की मी बीपीची चौकशी करतोच, कारण हा रस्ता पुढे कुठे जातो ते मी बघितलंय. कडक कप्प्यात रक्त भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे वरच्या कप्प्यावर जातो, तो कप्पा मोठा होतो, मग दाब फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि माणसाला चढावर धाप लागायला लागते, आणि गंमत वाटेल पण तेव्हाही ईएफ ६० असू शकतो. म्हणजे पंपिंग उत्तम आणि तरी हार्ट फेल्युअर. असे पेशंट कमी नाहीत. शिवाय ताणून ताणून मोठा झालेला वरचा कप्पा लय सोडतो, त्याला एएफ म्हणतात, मग त्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रिपोर्टमध्ये एलए म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याचं माप बघा. तुम्ही ३६ मिलिमीटर लिहिलंय, ते ४० च्या आत आहे. म्हणजे दाब अजून मागे सरकलेला दिसत नाही, आणि हीच वेळ आहे. बीपी नीट धरलं तर जाड झालेली भिंत काही महिन्यांत-वर्षांत थोडी उतरते, हे मी स्वतःच्या पेशंटमध्ये मोजून बघितलंय, १३ ची साडेअकरा झालेली आहे. तुम्ही विचारलंत ना, परत चालू करायचं औषध आहे का, तर हे आहे ते, बाबांच्या कपाटात पडलेली बीपीची गोळी.

ट्रिव्हियल एमआर आणि टीआर, म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपांचं नगण्य गळणं, पटकन उरकतो. या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा, मायट्रल डावीकडे आणि ट्रायकस्पिड उजवीकडे, पडदे अगदी पातळ, आणि ते उलटे फिरू नयेत म्हणून तंबूला असतात तशा दोऱ्यांनी खाली स्नायूला बांधलेले. झडप मिटताना थेंबभर रक्त मागे जातं, ते डॉपलरमध्ये, म्हणजे इकोच्याच रक्ताचा वेग दाखवणाऱ्या भागात, रंगीत दिसतं आणि आम्हाला लिहावं लागतं. धडधाकट माणसांतही ट्रिव्हियल टीआर सर्रास सापडतो. उलट आम्हाला त्याचा उपयोगच होतो, त्या मागे जाणाऱ्या धारेच्या वेगावरून फुप्फुसांच्या बाजूचं प्रेशर काढता येतं, वेगाचा वर्ग गुणिले चार. वेग सेकंदाला २.४ मीटर आला तर २३, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचं पाचेक मिळवलं की २८, नॉर्मल. झडपेचं गळणं सिव्हियर असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होते, अगदी ईएफसुद्धा फसवतो, कारण रक्त सोप्या रस्त्याने मागे जातं आणि तेही "बाहेर पडलं" म्हणून मोजलं जातं. बाबांना तसलं काही नाहीये.

आता जे रिपोर्टमध्ये नाही त्याबद्दल, आणि हे कृपया घाईत वाचू नका. इको चांगला आला म्हणजे ब्लॉकेज नाही असं होत नाही.

हार्ट दिवसभर एवढं रक्त आतून फिरवतं पण त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला ते आतलं रक्त कामाला येत नाही, धरण उशाला कोरड घशाला असाच प्रकार. त्याला रक्त मिळतं ते महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर निघणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांतून, डावी पुढे दोन मोठ्या फांद्यांत फुटते म्हणून आपण तीन नळ्या म्हणतो. एलव्हीचा स्नायू पिळलेला असतो तेव्हा आतल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात, म्हणून डाव्या बाजूला रक्त मुख्यतः हार्ट सैल असताना पोचतं. त्या नळ्या बाहेरून जातात आणि साध्या इकोत त्यांच्या आतलं ब्लॉकेज दिसत नाही. नो आरडब्ल्यूएमए म्हणजे भिंतीचा कुठला एक भाग कमी हलत नाहीये, म्हणजे बहुधा आधी मोठा अटॅक येऊन गेलेला नाही आणि बसल्या जागी रक्त पुरतंय. नळी ७० टक्के अरुंद असली तरी आडवं झोपल्यावर ते पुरू शकतं, कमी पडतं ते चढावर. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना चालताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, थांबलं की बरं. इको कुठेतरी केला, ईएफ ६२ आला, "सगळं नॉर्मल" ऐकून ते घरी गेले आणि तीन आठवड्यांत अटॅक आला. इको बरोबरच होता, प्रश्न चुकीच्या तपासणीला विचारला गेला होता.

म्हणून बाबांना एकदा शांतपणे बसवून विचारा, चढावर किंवा भरभर चालताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही होतं का आणि थांबल्यावर जातं का, रात्री आडवं झाल्यावर दम कोंडतो का, कधी चक्कर येऊन पडलेत का, संध्याकाळी पायावर सूज असते का. आमची पुरुष मंडळी गॅस म्हणून सांगतात बरं का, तेही धरा. यातलं काहीही असेल तर ऑपरेशनच्या आधी फिजिशियनला स्पष्ट सांगा, गरज वाटली तर ते स्ट्रेस टेस्ट किंवा पुढची तपासणी करतील. छातीत दुखणं बसल्या जागी सुरू झालं आणि थांबेना, घाम फुटला, तर हे सगळं वाचत बसू नका, सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा.

आणि यातलं काही नसेल तर त्यांचं फिरणं आजच सुरू करा, जिनाही. भूल देणारे डॉक्टर हमखास विचारतात की न थांबता दोन मजले चढता का, कारण त्या एका प्रश्नातून त्यांना हार्ट आणि फुप्फुसांच्या तयारीचा बराच अंदाज येतो. घाबरून महिनाभर बसून राहिलेला माणूस ऑपरेशन टेबलवर जास्त अशक्त जातो. हर्निया आहे म्हणून जड उचलणं, जोर करणं नको, ते सर्जन सांगतील तसं, पण सपाटीवर चालायला सहसा अडचण नसते, एकदा त्यांना विचारून घ्या.

घरी दंडावर बांधायचं बीपी मशीन आणा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा मोजा आणि वहीत लिहा. आठवडाभराचं लिहिलेलं असलं की फिजिशियनना डोस ठरवणं सोपं जातं, दवाखान्यात एकदा घेतलेल्या आकड्यावर बरेच वेळा अंदाज चुकतो. गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. फक्त ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कुठली घ्यायची आणि कुठली नाही हे भूल देणाऱ्यांना विचारा, काही बीपीच्या गोळ्या त्या सकाळी वगळायला सांगतात, काही अजिबात चुकवायच्या नसतात, ते आपल्या मनाने ठरवू नका.

आधी कधी इको झाला असेल, पाच-सात वर्षांपूर्वीचा का असेना, तर ती फाइल शोधून सोबत न्या. भिंत तेव्हा १० होती का १२ च होती, यावरून मला आजच्या एका रिपोर्टपेक्षा खूप जास्त कळलं असतं, आणि तुमच्या फिजिशियननाही कळेल.